अंजिराच्या झाडावरचे अकरा गजर

३ सप्टेंबर, रविवार
अंजिरं त्रेसष्ट. दोनदा मोजली. यंदा खारीला एकही मिळणार नाही. मागच्या वर्षी गाफील होतो.
ताईचा फोन. म्हणाली, दुकान बंद केलंस, एकटा काय करतोस तिथे, माझ्याकडे राहायला ये. म्हटलं, एकटा कुठे? त्रेसष्ट अंजिरं आहेत. तिने दोनदा विचारलं, काय आहेत? लाइन खराब असावी.

५ सप्टेंबर
अठ्ठेचाळीस. खार आणि साळुंक्या यांचं संगनमत आहे.
पण तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली ती काही उगाच नाही. दुकानातली उरलेली अकरा गजराची घड्याळं परसातल्या झाडाला टांगली. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, दर तासाला एक वाजणार. आवाज खणखणीत. दाराची बेलसुद्धा मी असल्याच घड्याळाच्या घंटीची बनवलीय. दोन वर्षांत एकदाही बिघडली नाही.

६ सप्टेंबर, ७.०१
सगळे उडाले! जिंकलो.
७.०४
परत आले.

७ सप्टेंबर
खार नऊच्या घड्याळावर बसून दहाच्या गजराची वाट बघते. निर्लज्ज. चाळीस अंजिरं कच्चीपक्की उतरवली, मोठी आठ झाडावरच पिकायला ठेवली. घड्याळं राहू देत.
चाळिसांचे उपयोग: जॅम, व्हिनेगर, फेसपॅक.

८ सप्टेंबर
फेसपॅक लावला. खाज. व्हिनेगर रद्द. जॅम मात्र झकास, चमचा उभा राहतो. तीन बरण्या भरल्या.

९ सप्टेंबर
बरण्या वाटल्या. एक समोरच्या डेंटिस्टना, एक शाळेतल्या बाईंना, एक लायब्ररीवाल्यांना. डेंटिस्टनी विचारलं, हे खायचं की दातात भरायचं? विनोदी माणूस.
प्रत्येक बरणीवर लेबल: ‘बरणी परत आणून द्यावी. वेळ ४ ते ६.’ बरण्या हल्ली मिळत नाहीत म्हणून. दुसरं काही कारण नाही. चार कप धुऊन ठेवले.

१० सप्टेंबर, रविवार
ताईने विचारलं, कोणी येतं-जातं का? म्हटलं, रीघ लागलीय.
दिवसभर कोणी नाही. कोणी आलं असतं तर बरं वाटलं असतं. हे इथेच लिहितोय, ताईला सांगणार नाही.

१२ सप्टेंबर
चारचा गजर बिघडला. चारला वाजला तो वाजलाच, पुन्हा चार वीसलाही वाजला. शिडी लावून घड्याळ उतरवलं, स्प्रिंग बदलली. सहापर्यंतचा वेळ त्यातच गेला. तसंही कोणी आलं नाही.

१३ सप्टेंबर
आता पाचचा बिघडला. सव्वापाचला वाजला. हाही उघडून बसलो. आत काहीच दोष नाही. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. वय झालं की काय?

१४ सप्टेंबर
साडेचारला लागोपाठ तीनदा! शिडीवरूनच ओरडलो, “गप्प बस मेल्या, डोकं उठवलंस!” लगेच थांबला. घड्याळांना दरारा लागतो.
अंजिरं दोन.

१६ सप्टेंबर
दूध आणायला पुढच्या दाराने बाहेर पडलो. फाटकाला पिशवी टांगलेली. तीन रिकाम्या बरण्या, धुतलेल्या. एक डबा, झाकण उघडं. आत केकचा चुरा आणि खारीची लेंडी.
डेंटिस्टची चिठ्ठी: ‘मंगळवारी बाई येऊन गेल्या, बुधवारी लायब्ररीवाले. गुरुवारी तिघं मिळून आलो. बाईंनी तुमच्याच जॅमचा केक केला होता. तीनदा बेल वाजवली. आपण आतून ओरडलात, तेव्हा निघालो. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.’
चिठ्ठी चार वेळा वाचली.

१७ सप्टेंबर, रविवार
अकराही घड्याळं उतरवली, चाव्या काढल्या. शेवटची दोन अंजिरं खारीने नेली. नेऊ दे. डेंटिस्टकडे माफी मागायला गेलो, तर दाराला कुलूप. ताईचा फोन घेतला नाही.
चार ते सहा पुढच्या खोलीत बसलो. कप मांडले होते. घर अगदी शांत, पाऊल वाजलं तरी कळलं असतं.
पावणेसहाला शंका आली, बेल बिघडली तर नसेल? बाहेर जाऊन स्वतःच वाजवून बघितली.
उत्तम वाजते.