शुद्धीवर आल्यावर

शिनोली,
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम. मी सांगतोय आणि कल्याणी लिहितेय. अक्षर तिचं, पण एकही शब्द पदरचा घालायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. इकडं सगळं बरं आहे. हरभरा काढून झाला. बुद्धभूषण यंदा दहावीला, त्यामुळं घरात टीव्ही बंद आणि मला बातम्याही कानाला रेडिओ लावून ऐकाव्या लागतात. घोडेगावच्या दुकानात उन्हाळ्याची कामं आतापासूनच सुरू झालीत. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरायला येतात.

अक्का, चार वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, की दवाखान्यात नेमकं काय झालं. पिंपरी पेंढारहून दोन गाड्या बदलून येतेस, माझा हात हातात घेऊन बसतेस, आपल्या आईच्या आठवणी काढतेस आणि उठताना हळूच नाक ओढतेस. मला ते ऐकू येतं. मला दुखेल म्हणून तू विचारत नव्हतीस, तुला दुखेल म्हणून मी सांगत नव्हतो. आज सांगतो.

पडलो ते तुला ठाऊकच आहे. रखमाजीच्या विहिरीत मोटार सोडायला उतरत होतो, शेवाळावरून पाय गेला. पाणी तळाला, त्यामुळं पाठ सरळ खडकावर आपटली. खाटेला बांधून वर काढलं तेव्हा कमरेखाली चिमटा काढलेला कळत नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, तीन मणके तुटलेत, नस दाबली गेलीय, ऑपरेशन नाही केलं तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. सही करायला भागुजी दाजी पुढं झाले होते. कल्याणी म्हणाली, मी करते.

सकाळी आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा दिवस मावळला होता म्हणतात. तेवढा सगळा वेळ मी पालथा होतो आणि रक्तही फार गेलं. शुद्ध आल्यावर मी आधी पायाची बोटं हलवून बघितली. अक्का, ती हलली. मी इतका हरखलो, की अंधाराकडं माझं लक्षच नव्हतं. आपल्याकडं लाइट जाते तशी गेली असेल, असं वाटलं. कल्याणीला म्हटलं, "मेणबत्ती तरी लाव की." ती म्हणाली, "अहो, ट्यूब चालू आहे." मग तिनं माझ्या तोंडापुढं हात हलवला असणार, कारण मला वारा लागला.

डोळ्यांना कळ नाही, जळजळ नाही. आधी सगळे म्हणाले, भुलीचा अंमल आहे, उतरेल. मग डोळ्यांचे डॉक्टर आले, बॅटरी मारून बघितली आणि डोळा आतून चांगला दिसतोय म्हणाले. चांगल्या डोळ्यानं दिसत का नाही, ते मला कोण सांगणार? शेवटी ज्यांनी ऑपरेशन केलं होतं, ते डॉक्टर स्वतः खुर्ची ओढून बसले. डोळ्याकडून मेंदूकडं जी नस जाते, तिला रक्त कमी पडलं, असं त्यांनी समजावलं. फार वेळ पालथं राहिलं, रक्त गेलं, बीपी उतरलं, की हजारोंत एखाद्याला असं होतं. ती नस बहुतेक परत जागी होत नाही. म्हणाले, "मी हे पुस्तकात वाचलं होतं. माझ्या पेशंटला पहिल्यांदाच झालं." मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

गावात आलो तर नुसती चर्चा. पाठीचं करताना डोळ्याची शीर कापली, कुणी म्हणालं भूलच जास्त दिली. एक बाई तर घरात येऊन, माझ्या देखत, कल्याणीला म्हणाली, "सही तूच केली व्हती ना गं?" (इथं पेन थांबलंय. लिही गं, पुढं आहे अजून.) वर्षभर मी पडवीतल्या खाटेवर होतो. पाय चालत होते, पण त्यांना न्यायचं कुठं? दुकान तीच सांभाळायची. एके दिवशी तिनं एक उघडलेली मोटार माझ्या मांडीवर आणून ठेवली, म्हणाली, तार कुठं तुटलीय ते मला सापडत नाही. मी बोटांनी चाचपत चाचपत शोधली. तिला ती आधीच सापडली होती, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तेव्हापासून रोज जीपमध्ये बसून तिच्याबरोबर दुकानात जातो. अंधार आहे तो आहेच, अक्का. बुद्धभूषणला मिसरूड फुटली म्हणतात, मला अजून त्याचा सहावीतला चेहराच आठवतो. ते दुःख जात नाही आणि जाईल असं मी तुला सांगणारही नाही.

परवा भागुजी दाजी दुकानात येऊन गेले. तुझा उजवा पाय ओढतो, चप्पल निघून पडली तरी तुला कळत नाही, मणक्यातली सरकलेली गादी लवकर काढली नाही तर पाय जाईल, असं डॉक्टर म्हणाले, हे त्यांनी सांगितलं. आणि तू म्हणालीस, "रत्नूचं झालं तेवढं लई झालं. मी टेबलावर जायची न्हाई." अक्का, माझं नाव पुढं करून नाही म्हणू नकोस. काल आम्ही दोघं पुण्याला जाऊन त्याच डॉक्टरांना भेटलो. तुला होणारच नाही, अशी हमी त्यांनी दिली नाही. पण तुझं काम थोड्या वेळाचं आहे, रक्त फारसं जात नाही, आणि आता ते डोकं जरा उंच ठेवतात, बीपीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. तू मला विचारशील, सगळं आधी माहीत असतं, तरी सही करू दिली असतीस का? हो. या पायांवर मी पोराच्या मागं विहारात जातो, आईला खांदा दिला. कल्याणीला हे मी कधी बोललो नव्हतो, आज तिच्याच हातानं लिहून घेतोय. तू तारीख घे. तुला आत नेतील तेव्हा मी दाराशी असेन आणि शुद्धीवर येशील तेव्हा तुझ्या उशाशी. डोळे उघडलेस, की मी कुठल्या रंगाचा सदरा घातलाय, तेवढं मला सांग.

तुझाच,
रत्नदीप