परक्या भिंतीतली आमची कणीक

चि. धाकट्यास थोरलीचे आशीर्वाद.

थोरली म्हणजे मी, तुझी सख्खी बहीण. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गेल्या महिन्यात फोनवर तू मला गॅसच्या एजन्सीतली बाई समजलास, पाऊण तास डाफरलास आणि शेवटी मी “उद्या पाठवते सिलिंडर” म्हटल्यावरच फोन ठेवलास. आला का रे सिलिंडर? गुडघे काय म्हणतात? डावा जास्त दुखतो की उजवा हे आठवत नसेल, तर दोघांनाही माझी चौकशी सांग. माझं सगळं ठीक आहे, एवढंच की बूड एका जागी टेकत नाही. हे पत्र सूनबाई लिहिते आहे. ती टेबलाशी बसली आहे आणि मी खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत सांगते आहे, तेव्हा एखादं वाक्य मधेच तुटलं तर समजून घे की मी तेव्हा दाराबाहेर होते. (अक्षर छान आहे ते तिचं. शहाणपण दिसलं तर ते माझं. आत्ता तिने मान वर करून बघितलं, पण लिहिलं हो मुकाट्याने.)

तर समुद्राकाठच्या त्या घराचं काय झालं ते कळवते. कुठलं घर, असं विचारशील म्हणून सांगते, त्या घराचा हट्ट मी तुझ्यापायी धरला होता. तूच म्हणाला होतास ना, “ताई, तुझ्याकडे कायमचा राहायला आलो असतो गं, पण तुमचे ते दोन जिने माझ्याच्याने होत नाहीत. तळमजल्यावर खोली दे, उद्या ट्रंक भरतो.” मुलगा निवृत्त झाला, त्याला मोकळ्या हवेत घर हवं होतं, आणि हे घर सापडलं. बैठं, चार खोल्यांचं, मागच्या खोलीच्या खिडकीत नुसतं पाणीच पाणी. ती मागची खोली मी कुणाला न विचारता मनातल्या मनात तुला देऊनही टाकली होती. खिडकीखाली तुझी कॉट, दाराशी माझी खुर्ची, म्हणजे तू घोरायला लागलास की मला उठून जाता येईल. आपण एका छपराखाली राहिलो त्याला बासष्ट वर्षं झाली. तेव्हाही घोरायचास.

पण आमच्या चिरंजिवांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. कलिंगड घ्यायचं तर गाडीवरची सगळी वाजवून बघणार आणि शेवटी पपई घेऊन येणार. तो म्हणाला, घर तपासणारा इंजिनियर आणल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. मी म्हटलं, अरे, देवाने डोळे कशाला दिलेत? तर म्हणतो, डोळ्यांना रंग दिसतो, इंजिनियरला रंगामागचं दिसतं. बरं बाबा, आण. घराचा मालक म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा एकटा गडी, आता गावात मुलीकडे राहतो. त्याने सरळ चावीच हातात दिली. म्हणाला, माणूस आणा, सावकाश बघा, जसं आहे तसं आहे, मी काही झाकत नाही. (हे वाक्य नीट ध्यानात ठेव. तुझ्या ध्यानात काही राहत असेल तर.)

इंजिनियर यायच्या आदल्या दिवशी मी आणि सूनबाई तिथे गेलो. पडद्यांची मापं घ्यायला गेलो होतो. केरसुणी, ब्रश, दोन बादल्या आणि फिनेल हे आपलं सहज बरोबर घेतलं होतं. मागच्या खोलीत गेलो तर काय, कोपऱ्यात ही एवढी काळी बुरशी, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली एक भेग, बोट जाईल अशी. सूनबाईने कपाळाला हात लावला. उद्या सकाळी परका माणूस येणार, हातात वही घेऊन खोलीन् खोली बघणार, आणि ही असली भिंत? काय म्हणेल तो आपल्याला! आता तू म्हणशील, घर आपलं नाही, भिंत आपली नाही, मग लाज आपली कशी? अरे, पण आपल्या घरची रीत विसरलास का? वडील तापाने फणफणले होते तेव्हा डॉक्टर येणार म्हणून आईने त्यांना अंथरुणातून उठवून चादर बदलली होती. ते बिचारे भिंतीला धरून उभे, थरथरताहेत, आणि ही उशीचे अभ्रे शोधते आहे. डॉक्टर आले आणि खुर्चीत बसलेल्या काकांनाच तपासायला लागले, कारण वडील अंगणात तोंड धुवायला गेले होते. अशा घरातली मी. (आमच्या माहेरी मीटर वाचणारा येणार असला तरी पायपुसणं बदलतात. – सून) बघितलंस? खड्ड्याला दरी मिळाली.

मग काय, पदर खोचले. बुरशी घासून काढली. न्हाणीघरात चुन्याचा अर्धा डबा सापडला, तो फासला. वास जाईना म्हणून लिंबाच्या साली उकळून ते पाणी खोलीभर शिंपडलं. राहिली भेग. तिथे सिमेंट कुठून आणणार? पण सूनबाईने दुपारच्या पोळ्यांसाठी घरून कणीक मळून आणली होती. ती सगळीच्या सगळी भेगेत भरली, चमच्याच्या पाठीने सारखी केली, वरून चुना. दुपारी दोघींनी नुसती भाजी खाल्ली. मग खोलीतलं मालकाचं लोखंडी कपाट दोघींनी ढकलत ढकलत ओल आलेल्या जागेवर आणून उभं केलं. भिंत अशी दिसायला लागली की मालकानेसुद्धा तिला ओळख दाखवली नसती.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला. उंच, कोरडा, बोलायलाही वेळ नसलेला माणूस. चहा नको म्हणाला, त्यामुळे माझ्या मनातून तिथेच उतरला. त्याच्या पिशवीत एक चिमुकली हातोडी, बॅटरी, पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी आणि दोन सुया असलेली एक डबी. सुया भिंतीला टेकवल्या की ओल असेल तिथे डबी ओरडते. तो डॉक्टरासारखा भिंती ठोकत पुढे, त्याच्या मागे मुलगा, मुलाच्या मागे मी, माझ्या मागे सूनबाई. मला एका जागी उभंच राहवेना. पुढच्या तीन खोल्या त्याने बऱ्या म्हटल्या, आणि दर खोलीगणिक मी अशी फुगत गेले जणू त्या मीच बांधल्या होत्या. मनात म्हटलं, धाकट्या, भर ट्रंक.

मागच्या खोलीत तो शिरला आणि थांबला. डबी काढलीच नाही त्याने. नुसता बघत राहिला. मीही बघितलं. मुंग्या, बाबा! एक रांग खिडकीतून आत येत होती, एक बाहेर जात होती, आणि जाणारीच्या तोंडात पांढरा कण. रात्रीतून त्यांनी निम्मी भेग मोकळी करून टाकली होती. इंजिनियरने पेनाचं टोक घातलं, लांब दोरीसारखं काहीतरी ओढून काढलं, नाकाशी नेलं.

“ही कणीक आहे,” तो म्हणाला. तीस वर्षांत भेगांमध्ये साबण बघितला, वर्तमानपत्र बघितलं, एकदा मोजाही निघाला, पण कणीक पहिल्यांदाच. वर म्हणतो, “मालकाने तुम्हाला फसवलंय. दोष झाकलाय.”

मुलगा लालबुंद झाला. त्याने तिथूनच मालकाला फोन लावला आणि अशी खरडपट्टी काढली की विचारू नकोस. लबाड म्हणाला, ढोंगी म्हणाला, म्हातारपणी तरी लाज बाळगा म्हणाला. मी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईने छताकडे बघितलं. पलीकडून तो म्हातारा शांतपणे म्हणाला (फोन मोठ्या आवाजावर होता, आमच्याकडे भांडणं सगळ्यांना ऐकू येतील अशीच होतात), “अहो साहेब, मला चहासुद्धा धड करता येत नाही. मी कणीक कुठून मळू? आणि चावी तर तुमच्याकडे आहे.”

इंजिनियर कणकेचा गोळा बोटांत फिरवत आपल्याशीच पुटपुटला, “मळलीय मात्र छान. दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ आहे.”

आणि आमची ही गुणाची पोर म्हणाली, “चमचाभर तेल घातलं की राहते मऊ.”

(सवयीने तोंडातून गेलं. – सून)

मग मला पुढे व्हावंच लागलं. म्हटलं, कणीक तिची, पण भरायला लावली मी. मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जसं तो लहानपणी गृहपाठाच्या वहीवर मी भांडं ठेवल्यावर बघायचा.

“आई, हा माणूस दोष शोधायला आणलाय! आपण आणलाय! आपल्या बाजूचा आहे तो!”

“शोधू दे की. त्याच्यासाठी घर घाण ठेवायचं का?”

“घाणच तर बघायची होती!”

मुलाने मालकाची फोनवर माफी मागितली. तो म्हातारा इतका हसला की शेवटी त्याला खोकला लागला आणि मुलीने येऊन फोन ठेवला.

इंजिनियरने कपाट बाजूला करायला लावलं. डबी टेकवली मात्र, ती जी ओरडायला लागली ती थांबेना. त्याने हातोडीने थोडं प्लास्टर पाडलं. आतली लोखंडी सळई बोटाने चुरली की भुगा होत होती. मी खाली पडलेला एक तुकडा उचलून जिभेला लावला. मुलगा ओरडला, पण मला अक्षर येत नाही, चव येते. खारट. मी इंजिनियरला सांगितलं तर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, बरोबर आहे आजी, किनाऱ्यावरची वाळू न धुताच वापरली आहे, मीठ आतून लोखंड खातं आहे. मग मागच्या दाराने बाहेर गेला आणि जमीन जिथे समुद्राकडे तुटते तिथपर्यंत फीत टाकली. जुन्या नकाशात घराच्या मागे बावीस पावलं जागा होती. आता चौदा उरली आहेत.

“आजी,” तो म्हणाला, “ही खोली घराला सोडून समुद्राकडे निघाली आहे. दर वर्षी थोडी थोडी सरकते. उरलेलं घर तिच्यामागून जाईल.”

मुलाने चावी खिशात टाकली, परत करायला. मी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. त्या दिवसभरात मी स्वस्थ बसले ती तेवढीच. समोर पाणी सारखं येत होतं, जात होतं, त्यालाही माझ्यासारखं एका जागी राहवत नव्हतं. मग मी उठले. इंजिनियरने आम्हाला त्याच्याच गाडीतून घरी सोडलं. सूनबाईच्या मांडीवर कणकेचा रिकामा डबा होता.

तर ते घर गेलं. मुलगा म्हणतो, दुसरं बघू, वर्ष लागेल, दोन लागतील. माझं म्हणणं तुला इतकंच, की घर घेताना जाणता माणूस आधी आणावा, आणि तो येण्याआधी घरातल्या बायकांना कुलपात ठेवावं. तब्येतीला जप. ट्रंक भरली असलीस तर उघड, कपड्यांना वास येईल.

तुझी,
थोरली

ता. क. वर लिहिलंय त्यात माझा दोष जास्त दिसतो. कपाट हलवायची कल्पना माझी नव्हती, हे मामांनी कृपया लक्षात घ्यावं. – सून

ता. क. आता हे नात लिहिते आहे. सूनबाई बाजारात गेली आहे. (नात एक्स-रे काढायचं काम करते, आतलं दिसलं तरी बाहेर बोलत नाही.) धाकट्या, खरं सांगते. सूनबाईने घासलं ते पाहुण्यासाठी, तिचं मन साफ आहे. मी मात्र ती भेग घर पहिल्यांदा बघायला गेलो त्याच दिवशी बघितली होती. मुलगा पुढच्या खोलीत दलालाशी बोलत होता तेव्हा बोट घालून बघितलं, पार पेरापर्यंत गेलं. मला कळलं होतं. कपाट सरकवणं ही काही साफसफाई नव्हे. इंजिनियरने ती खोली बाद केली तर तू येणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं. समुद्राकडे निघालेल्या खोलीत मी तुला झोपवणार होते, तू जवळ असावास म्हणून. रागव, तुझा हक्कच आहे. पण राग पत्रातून पाठवू नकोस, इथे येऊन काढ.

ता. क. इंजिनियर सोडायला आला तेव्हा त्याला मी आमचा जिना तपासायला लावला. आधी तयार होईना, मग मी पायरीवरच बसले. त्याने कागद करून दिला आहे, नातीने वाचून दाखवला: पायऱ्या बत्तीस, उंची कमी, कठडा मजबूत, ओल नाही, मधल्या वळणावर खुर्ची मावेल. खुर्ची मी ठेवली आहे. आत्ताच बसून बघून आले. आता दुसऱ्या घराची वाट बघू नकोस. दोन वर्षं तुझ्याकडे असतील, माझ्याकडे आहेत की नाहीत ते तपासणारा इंजिनियर अजून मिळाला नाही.

ता. क. तुझ्या कोंबड्यांची डझनभर अंडी पाठव. पार्सलने नको, फुटतात. कुणीतरी गाडीत बसून, मांडीवर धरूनच आणायला हवीत.