अंगणातली हरळी

मु. म्हसवड, श्रावण, सन १९४६

जिवलग नानासो,

गड्या, दादासोचा तुला कडक सलाम आन वयनींना रामराम. हिकडं आमी खुशाल. तुजी खुशाली इचारत न्हाई, कारण वयनींनी कळवलंय की लाकडाचा पाय खुंटीला टांगून वरीसभर तू उंबरा वलांडला न्हाईस. (आरं, लढाईत तुला खंदकात खाली बसवायला दोन माणसं लागायची!)

आता माजी कर्मकथा ऐक. पुण्याच्या मिलिटरी इस्पितळातली ती हिरवळ आठवती का? साहेबाचं गवत म्हणून आपण लांबनं बघायचो, आन तू म्हणालास, दाद्या, ऱ्हायलेल्या पायाला असलं गवत पायजेल. मी वाकून बघितलं तर जमिनीलगत पळणारी काडी, पेरापेराला मूळ, वर कोंबडीच्या पायागत तुरा. आरं, ही तर आपली हरळी! तवाच ठरवलं, नानासोसाठी दारात अशीच हिरवळ करायची आन त्येला बोलवायचं. बायकू बनाबाई माहेरी गेली तवा वड्याकाठनं कांड्या आणल्या. (पयल्यांदा लव्हाळाच आणला. काडी बोटात फिरवली तर तिधारी, मग दिला फेकून.) अंघोळीचं पाणी सोडलं, हिला सावली खपत न्हाई म्हणून शेवगा छाटला, आन मेंढरं कातरायच्या कातरीनं रोज कातरत बसलो. जितकी कातरावी तितकी आडवी पसरती. बायकूनं इचारलं तर म्हणायचो, साहेबी काम हाय, तुला न्हाई कळायचं. हितंच घोळ झाला.

परवा मेंढरं इकायला लोणंदच्या बाजाराला गेलो. परत येतो तर अंगण साफ! बना, हरणाबाई चुलती आन गल्लीतल्या बाया खुरपी टाकून घाम पुसत बसलेल्या. बनाला वाटलं, दारात हरळी माजलीया, आन लढाईवरनं आल्यापास्नं नवऱ्याला खुरपं धरवंना म्हणून बिचारा कातरीनं झुंजतोय. दारात हरळी म्हंजे घर आळशी, लोक तोंडात शेण घालतील. तवा नवऱ्याची अब्रू राखली बाईनं! सगळ्या शाबासकीची वाट बघत व्हत्या. काय बोलू कपाळ? गूळपाणी दिलं. बाया गेल्यावर मातूर डोळ्यांत पाणी आलं, आन तुजं समदं बनाला सांगितलं.

तर हिरवळ काय उरली न्हाई. उगं यायची तसदी घेऊ नगंस. पोरांना आशीर्वाद.

तुजा,
दादासो

ता. क. पत्र टाकायचं ऱ्हाऊन गेलं ते बरं झालं. दुसऱ्या दिशी सकाळी बघतो तर बना उपटलेल्या हरळीच्या ढिगातनं एकेक कांडी निवडून परत लावतीया! जल्मभर हरळी उपटलेली बाई, आन पुटपुटती, लोक येडी म्हणतील मला. आता पंधरा दिसांत बोटभर वर आलीया. कुणी इचारलं की सांगती, सांगलीच्या नानासो भावजींचं काम हाय. तवा गावच्या निम्म्या शिव्या तुज्या हायत, ध्येनात ठेव.

आनखी ता. क. बना म्हणती, हरळी नुसती कातरून दाट व्हत न्हाई, वरनं माणसं चालाया पायजेत. माजं दोन आन तुजा एक, तीन पायांनी तुडवू. लाकडाचा बी आण. त्येच्यासाठी तिनं दारात एक खुंटी मारलीया.