टेबलफॅनची चौकशी

ती. ताई,

खिडकीशी खुर्ची ओढून तू माझ्या वेण्या घालायचीस, आठवतं? शाळेत काय झालं ते मी सांगायचं आणि प्रत्येक पेडाला तू "मग?" म्हणायचीस. सांगण्यासारखं नसलं तर मी रचून सांगायची, कारण मी गप्प झाले की तुझे हात भराभर चालायचे आणि वेणी लवकर संपायची. असो, नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला काय म्हणतो? मी मजेत आहे (हे वाक्य पुढे लागेल, लक्षात ठेव).

आमच्या खात्याने पर्यवेक्षकांना प्रशिक्षण दिलं. हाताखालच्या माणसावर गैरवर्तनाचा आरोप आला, तर चौकशी कशी करावी, हा विषय. महिनाअखेर मी निवृत्त होणार, म्हणजे हाताखाली उरणार फक्त भांडी घासणाऱ्या बाई, आणि त्यांची चौकशी करायची माझी छाती नाही. तरी यादीत नाव होतं म्हणून गेले (जेवण चांगलं होतं). प्रशिक्षक खणखणीत आवाजाचे. म्हणाले, उत्तर पोटात घेऊन येणारा प्रश्न कधी विचारू नका. "तुम्ही तेव्हा जागेवरच होता ना?" हा सूचक प्रश्न, समोरचा हो म्हणतो आणि चौकशी तिथेच मरते. हे उतरवून घेताना मला आमचे चिरंजीव आठवले. फोनवर विचारतात, "जेवलीस ना? बरी आहेस ना? करमतं ना?" हो, हो, मी मजेत आहे म्हटलं की फोन संपला. गुणी आहे गं पोरगा, पण चौकशी अधिकारी म्हणून साफ नापास होईल.

दुपारी लुटुपुटीची चौकशी झाली. आरोप असलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी भाषेत 'अपचारी' म्हणतात (अपचन झाल्यासारखं वाटतं). वयाचा मान म्हणून ती भूमिका मला मिळाली. कार्यालयातला टेबलफॅन घरी नेल्याचा आरोप होता आणि मी तो फक्त नाकारायचा होता. विचारणारा होता पाणीपुरवठ्याचा एक पोरगेला अधिकारी. त्याने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या दिवशी काय झालं, सगळं सांगा." आणि गप्प बसला. माझ्यामागे कुणी उभं आहे की काय, म्हणून मी वळून पाहिलं. शाळेत सिस्टर शिकवायच्या ना, मुलींनी विचारल्याशिवाय बोलू नये? मी अजून पाळते. विचारणारे कमी झाले, एवढंच.

मी म्हटलं, हो, नेला. तो म्हणाला, "मग?" आणि ताई, माझं तोंड सुटलंच. म्हटलं, संध्याकाळी क्वार्टरमध्ये फार शांत असतं, पंखा घरघरला की शेजारी कुणी झोपल्यासारखं वाटतं. (आमचे हे घोरायचे, तेव्हा मी किती बडबडायची!) "मग?" मग नुसता पंखा वारा घालणार कुणाला, म्हणून साहेबांची खुर्ची नेली. "मग?" मग खुर्चीवर बसायला कार्यालयातलं मांजर नेलं. चहा आला तरी मी रेकॉर्डरूमचं कपाट जिन्यावरून उतरवतच होते. प्रशिक्षकांनी डोक्याला हात लावला, "अहो बाई, आरोप एका पंख्याचा आहे!" शेवटी मला एकमताने बडतर्फ करण्यात आलं. जन्मभर एक टाचणी घरी नेली नाही गं मी.

निघताना तो पोरगा जवळ आला. "मॅडम, ते मांजर खरंच आहे घरी?" म्हटलं, नाही रे. तो सवयीने म्हणाला, "मग?" बस आली, असं सांगून निघाले. बस आली नव्हती.

तुझी बडतर्फ धाकटी

ता.क. निवृत्तीबरोबर क्वार्टरही सोडायचंय. चिरंजीवांनी विचारलं, "इकडे आलीस तर तुलाच कंटाळा येईल, हो ना?" मी हो म्हटलं.

आणखी एक ता.क. तुमची मागची खोली रिकामी आहे, असं भावोजी बोलले होते. "येऊ ना?" असं विचारत नाही, तो सूचक प्रश्न होईल. मी आले तर काय काय होईल, ते सविस्तर लिही.

सोबतच्या पुडक्यातली प्रशिक्षणाची बॅग भावोजींना दे, औषधं मावतील. पाण्याची बाटली तुझ्या सूनबाईला. पेन नातीला, अपचारी आजीचं आहे, हे सांगू नकोस. टेबलफॅन मी स्वतः आणेन (माझाच आहे, विकत घेतलेला). ओळखपत्राची निळी फीत मात्र तुझ्याकडे ठेव. वेणीपुरते केस आता उरले नाहीत, पण खुर्ची खिडकीशीच असू दे.