बदकांनी तुला परत घेतलं

आई,

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने लिफ्टपाशी गाठलं. तिच्या भावाने गावी नवी बदकं आणून थेट जुन्यांत सोडली, आणि आता नुसती चोचाचोची चाललीय. "तुमच्याकडे होती ना बदकं? काय करायचं सांगा ना," म्हणाली. मी तिला तुझी पद्धत घडाघडा म्हणून दाखवली. शेवटाशी आले आणि "बाकीचं नंतर सांगते" म्हणून वर पळाले. तिला काय सांगणार होते, कपाळ! म्हणून तुला लिहितेय.

मुर्धा गावी राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी परळची खोली सोडून हे बैठं घर घेतलं, मागे परसू, आणि कुंपणापलीकडे ओसाड पडलेली मिठागरं. पांढरी सपाट जमीन, तिच्यावर दिवसभर कुणी म्हणून कुणी दिसायचं नाही. "इथे बोलायचं कुणाशी, मिठाशी?" असं म्हणत तू शेजारच्या मावशीकडून बदकं घेऊन आलीस. रायगडात तुझ्या माहेरी बदकं होती, त्यामुळे तुझा हात बसलेला. पुढे अधूनमधून नवी यायची, आणि नवं पाखरू आलं की तुझा कायदा सुरू. आल्या आल्या आत घ्यायचं नाही. मोरीमागच्या आडोशाला वेगळं ठेवायचं, त्याचं पाणी वेगळं, भांडं वेगळं, तिथे जायच्या चपलासुद्धा वेगळ्या. दाणा आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि तिथून हात न धुता मागे फिरायचं नाही. कुठला रोग घेऊन आलंय कुणास ठाऊक. चांगले तीन-चार आठवडे झाले, पाखरू ठणठणीत दिसलं, की मग त्याला जाळीपलीकडे आणायचं. एकमेकांना बघू देत, पण चोच पोचायला नको. आणि शेवटी, दिवेलागणीला, जुनी पेंगुळली की हळूच खुराड्यात सोडायचं, तेही जोडीने. "सकाळी एकत्र डोळे उघडले की त्यांना वाटतं, हे पहिल्यापासून इथलंच," असं तू म्हणायचीस. मला तेव्हा ती मोठी गोड लबाडी वाटायची.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी तुला ताप आला. आधी साधाच वाटला, मग एका दुपारी तू बाबांना विचारलंस, "आपण कोण?" बाबांनी रिक्षा करून तुला स्टेशनपलीकडच्या दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला. ताप मेंदूत गेला होता. किती आठवडे तू तिकडे होतीस! बाबा तिकडे, मी इकडे बदकांपाशी. मी देवाला एकच सांगत होते की मला माझी आई परत पाहिजे, बाकी काही नको.

आणि तू आलीस. रिक्षावाला म्हणतोय, "मांजी को सँभालके," बाबा हात धरतायत, मावशीने भाकरतुकडा ओवाळून टाकलाय, आणि तू उंबऱ्याबाहेर उभी आहेस. आत ये म्हणेपर्यंत तू आत आली नाहीस. केस कापलेले, आवाज जाड झालेला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आवाज बदलेल, काही गोष्टी विसरतील, घाबरू नका. मी घाबरले नाही. मी चहा केला. कपाच्या तळाशी साखर दिसली नाही तर चहा परत पाठवणारी तू, एक घोट घेतलास आणि म्हणालीस, "एवढं गोड कसं पिता तुम्ही?" तुम्ही! मी बाबांकडे बघितलं, तर बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मग तू मागच्या दारी गेलीस. बदकं तुझ्या पावलांच्या आवाजाला कलकलाट करत धावायची, त्या दिवशी सगळी एकदम गप्प झाली. मान ताठ करून बघत राहिली, आणि एकेक पाऊल मागे सरकत कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन दाटली. मावशी कुंपणापलीकडून बघत होती. "बाय, वलखत न्हाय ती तुला," ती म्हणाली, आणि घाईघाईने आत निघून गेली. तू मात्र अजिबात वाईट वाटून घेतलं नाहीस. "बरोबर आहे त्यांचं," म्हणालीस. "बाहेरून आलेलं लगेच आत घ्यायचं नसतं."

त्या संध्याकाळी तू स्वतःला वेगळं काढलंस. मागच्या पडवीत तुझी खाट, तुझं ताट, तुझा तांब्या. आम्ही जेवल्यावर तुला वाढायचं, आणि तुझ्याकडून आलो की हात धुवायचे. बाबा चिडले, "अगं, डॉक्टर म्हणतायत काही लागत नाही म्हणून! तू काय बदक आहेस?" तू शांतपणे म्हणालीस, "त्यांना काय माहीत मी कोण आहे ते?" बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या कायद्याने सुटल्यासारखं वाटलं. मधे जाळी होती, ते बरं होतं.

पुढे तू खुर्ची घेऊन जाळीशी बसायला लागलीस. अलीकडे तू, पलीकडे ती. कुणीच आवाज करायचं नाही. तू त्यांना हाक मारायची सोडली होतीस, नुसती बघायचीस, डोळे न हलवता, आणि तीही तशीच तुझ्याकडे. कधी मी कपडे वाळत घालायला आले की तुम्ही सगळे एकदम मान वळवून माझ्याकडे बघायचात. आई शप्पथ, मला ओले कपडे तसेच टाकून आत पळावंसं वाटायचं.

एक दिवस म्हणालीस, "आज आत जाते. जोडीनं जायचं असतं, तू चल." मी नाही म्हणाले. अभ्यास आहे म्हणाले. तू माझ्याकडे बघून हसलीस, ते हसू मात्र अगदी तुझंच होतं, आणि दिवेलागणीला घोंगडी घेऊन एकटीच जाळीचं दार उघडून खुराड्यापाशी गेलीस. बाबा म्हणाले, "जाऊ दे, तिचं मन रमतंय."

सकाळी मी चहा घेऊन गेले. तू भिंतीला टेकून झोपली होतीस आणि सगळी बदकं तुला चिकटून बसली होती, एकाने मान तुझ्या मांडीवर टाकलेली. इतकं बरं वाटलं मला, डोळेच भरून आले. मी आत पाऊल टाकलं. तसा तो थोरला नर उठला, मान जमिनीलगत करून फिस्कारत माझ्या अंगावर आला. त्याच्यामागे बाकीची. तुझ्या आजारपणात आठवडेच्या आठवडे माझ्या हातून दाणा खाल्लेली ती बदकं! कप हातातून पडला. तू डोळे उघडलेस आणि त्यांच्याचसारखी मला न्याहाळत राहिलीस. मग म्हणालीस, "घाबरू नकोस. होईल सवय त्यांना." आणि त्याच दिवशी खाट आत आणलीस.

त्यानंतर सगळं ठीक झालं, असं सगळे म्हणतात. तू पूर्वीसारखी हसायला लागलीस, भांडायला लागलीस, बाबांना तर तू आधीपेक्षा मायाळू वाटायचीस. माझं लग्न तूच लावून दिलंस, माझ्या बाळंतपणात रात्रीचा दिवस केलास. ती बदकं मात्र पुन्हा कधी माझ्याजवळ आली नाहीत. तू गेलीस तेव्हा मी ऊर फुटेस्तोवर रडले, आणि रडताना मनात येत होतं की हे रडणं थोडं उशिरा होतंय, दवाखान्यात गेली त्या बाईसाठी तरी.

माझा तुझ्यावर जीव होता, आई, त्यात खोट काढू नकोस. तुला आत घ्यायला बदकांना एक रात्र पुरली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. वर "आई" लिहिलंय, पण तुम्हा दोघींपैकी कुणाला लिहिलंय, ते मला अजून सांगता येत नाही.