खिळ्यांवरच्या रोट्या

३ नोव्हेंबर
पाचव्या शाखेतही तेच. वाया गेलेल्या रोट्या – शून्य! अम्मानमधलं एवढं मोठं सुपरमार्केट, रोज भट्टीतून रोट्यांचा डोंगर निघतो, आणि उरत काहीच नाही? फ्रीजमधून गळणारा वायू सापडला, भर उन्हात जळणारे दिवे सापडले – ते समजतं. हे शून्य समजत नाही. कंपनी पर्यावरणाच्या अहवालात तेच मिरवणार, आणि खाली तपासनीस म्हणून सही माझी.

४ नोव्हेंबर
कळलं. कचऱ्याचा डबा मागच्या दारी वजनकाट्यावर चढतो. पण रोटी डब्यात जातच नाही. सफाईवाले अबू कासिम पिशव्या भरून बाहेरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगतात. एक रोटी खाली पडली – त्यांनी उचलली, ओठांना लावली, मग पिशवीत.
"डब्यात का नाही टाकत?"
"रोटी? ताई, तुमच्या घरी टाकतात?"
नाही टाकत. आम्हीही टांगतोच.
"नेतं कोण मग?"
"ज्याला हवं तो. आपण बघायचं नसतं."

७ नोव्हेंबर, शुक्रवार
त्याच शाखेमागच्या चढावर आईचं घर. दर शुक्रवारी फत्ते – शिळ्या रोटीचे तुकडे, वर चणे, दही. बाबांच्या पेन्शनीत कसं भागवते, विचारलं की विषय बदलते. मी ठेवलेले पैसे माझ्याच पर्समध्ये परत सापडतात.
आज मलाच म्हणाली, "घास हातात धरून कुठे बघतेस? नवरा गेला सोडून, आता कोणाची वाट?"
हसले. मग त्या शून्याचं सांगितलं. तिने दह्याचं वाडगं खाली ठेवलं.
"भिंतीवरचं मोजू नये गं."
एवढंच.

९ नोव्हेंबर
मॅनेजर मुहन्नद म्हणाले, "राहू द्या की शून्य. कोणाच्या पोटात दुखतंय?"
माझ्या. इथे आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, आणि ही भट्टी गरजेपेक्षा कितीतरी जास्त भाजते. पीठ, पाणी, डिझेल – सगळं भिंतीवर टांगलेलं. पिशव्या मोजून खरा आकडा लिहिला. सही केली. तरी दिवसभर एका जागी बसवलं नाही.

२० नोव्हेंबर
कंपनीने ऐकलं! भाजणं कमी केलं. उरेल ते मोजून मेंढ्यांच्या चाऱ्याला. "तुमच्यामुळे झालं हे, मॅडम," मुहन्नद म्हणाले, अगदी मनापासून. मागच्या भिंतीला नवा रंगही दिलाय.
बरं वाटायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आईकडे आज नुसता भात.
"फत्ते नाही?"
ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "खिळे काढलेत ना तुम्ही."