डाव्या बाजूचे आटे

प्रिय दादा,

आज भाऊबीज. साडेअकरा वाजून गेले तरी तुझ्या मंदारचा पत्ता नाही. देवासहून साडेपाचला निघालाय, तुझ्या सायकलवर. फाटकापर्यंत माझ्या चार चकरा झाल्या. पाचवी मारली तर समोरच्या बाई चौकशीला येतील, म्हणून वही घेऊन बसले. तुझ्याशी भांडायचं राहिलंच होतं, ते उरकून घेते.

तुला जाऊन वर्ष झालेलं नाही, तेव्हा यंदा फराळ नाही, ओवाळणं नाही. नुसता जेवायला ये, एवढंच मी त्याला म्हटलं होतं. तर म्हणतो, "आत्या, बाबा आते थे वैसाच येणार." शंभर किलोमीटर! दारात कार उभी असताना! हे खूळ त्याला कोणी लावलं?

लग्न होऊन मी धारला आले तेव्हापासून तू हेच केलंस. इंदूर, बेटमा, घाटाबिल्लोद करत यायचास. इकडे मी पाट मांडून, निरांजनाची वात दोनदा बदलून ताटकळत बसायची. बसने आला असतास तर काय बिघडलं असतं? आणि घामाघूम होऊन आलास की आधी फडक्याने सायकल पुसणार, मग बहिणीकडे बघणार!

तुझ्याबरोबर चालवणाऱ्या पोरांनी हलक्याफुलक्या नव्या सायकली घेतल्या. "काकासाब, अब तो ये लोहा छोड़ो," म्हणायची. तू म्हणायचास, "भिया, मैंने तो कब का छोड़ा, यही नहीं छोड़ता." मग तुझं व्याख्यान सुरू. पोलाद रस्ता पायापर्यंत पोचवतं पण हाडाला लागू देत नाही. वाकलं तर सरळ होतं, तडा गेला तर सांधता येतो. गिअरच्या दोन छोट्या दांड्या खाली फ्रेमच्या नळीवर, त्यांना खाचा नाहीत. साखळीचा आवाज ऐकत ऐकत जागा शोधायची. "सायकल आहे की तंबोरा?" मी विचारायची. तू खूश व्हायचास. टोमणा होता तो, दादा!

एकदा तू मला ती दिली होतीस. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. टोंकखुर्दच्या बाजूचा रस्ता, दोन्हीकडे गहू. सलवारीला तुझ्या क्लिपा लावून मी निघाले आणि बरीच लांब गेले. उतारावर पाय थांबवले तर खालची नळी गुणगुणत होती. परत आले तेव्हा तू रस्त्याच्या कडेला उभा होतास. विचारलंस, "कशी वाटली?"

"सीट टोचते," मी म्हटलं.

तू पुन्हा विचारलं नाहीस. मी पुन्हा मागितली नाही. मग नोकरी, लग्न, शाळा. बाईंनी सायकल चालवायची नसते, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं.

आता मुद्द्यावर येते. सोमवारी मंदारचा फोन आला. डावं पेडल खडखडत होतं म्हणून ते बदलायला बसला. सीटखालच्या चामडी पिशवीत पाना सापडला, त्याला गुंडाळलेली तुझी चिठ्ठीही सापडली. 'डाव्या बाजूचे आटे उलटे. जोर लावू नये.'

"मग वाचली नाहीस?"

"पढ़ी ना आत्या! मला वाटलं, चक्कीचं काही लिहिलंय. डाव्या बाजूच्या चक्कीचा आटा अच्छा नाही, असं."

हसू नकोस! त्याच्या लेखी आटा म्हणजे पोळीचा. स्क्रूच्या आट्यांना तो चूड़ी म्हणतो. चालवताना सैल होऊ नये म्हणून डावं पेडल उलट्या बाजूने उघडतं, एवढं मलासुद्धा ठाऊक आहे. त्याने पान्याला पाइप लावला आणि भलत्याच बाजूला दणकून जोर दिला. क्रँकच्या, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याच्या, भोकातले आटे सोलले गेले आणि पेडल हातात आलं.

मी त्याला नाही नाही ते बोलले. "बापाने लिहिलेल्या दोन ओळी वाचता येत नाहीत? लाज नाही वाटत?"  तो म्हणाला, "बाबांनी शिकवलंच नाही, आत्या."

याचं उत्तर तू दे. साखळीचा आवाज कसा ओळखायचा, हे त्याला तासन् तास शिकवलंस. हिंदीची आणि आपली अक्षरं तीच, लिपी तीच. शब्द तेवढे त्याच्या हातात द्यायचे होते. का नाही दिलेस? कंटाळा केलास, की मीही विचारलं नाही म्हणून राहून गेलं?

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून देवासला गेले. मंदारला घेऊन दुकानं फिरले. दोन दुकानांत तेच उत्तर मिळालं, "नया क्रँक डाल दो, मैडम." तिसरा लेथवाला जरा वयस्कर होता. त्याने क्रँक उजेडात धरला, बोटाने भोक चाचपलं आणि म्हणाला, भोकात बुश, म्हणजे धातूची कडी, बसवून आटे नव्याने पाडून देतो. मला वाटलं, आता इथे तरी कोणी घोळ घालू नये. शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलेली बाई मी. ठणकावून सांगितलं, "भिया, ध्यान से. इसके आटे उलटे हैं."

त्याने मशीन बंद केलं. "आटा?"

"हाँ, आटे! बायीं तरफ के!"

तो अदबीने उठला आणि रस्त्याकडे हात केला. "मैडमजी, चक्की तो आगे है. बायें हाथ पे."

मंदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाला, "भिया, आत्या चूड़ी बोल रही हैं. उलटी चूड़ी."

"तो ऐसा बोलो नी!"

मंदारने मला त्यावरून एक शब्दही ऐकवला नाही. मी त्याच्या जागी असते तर सोडलं असतं का?

परत येताना सारखा एकच विचार. आटे उलटे आहेत हे तुला पाठच होतं. मंदारला वाचून कळणार नव्हतं, हेही तुला ठाऊक होतं. मग चिठ्ठी कोणासाठी लिहिलीस? ती वाचून कळेल अशी आता आपल्यात मी एकटीच उरले आहे. माझ्यासाठी होती का रे? मी कधीतरी ती सायकल मागीन, असं तुला वाटत होतं का?

गेल्या भाऊबीजेला मी म्हटलं होतं, "बहात्तरचा झालास. पुढच्या वर्षी सायकलवर आलास तर दार उघडणार नाही." तू "बघू" म्हणालास आणि ज्येष्ठात झोपेतच गेलास. असा सूड घेतात का? सकाळपासून दार सताड उघडं ठेवलंय मी.

थांब. गल्लीच्या वळणावर काहीतरी वाजतंय. पाय थांबवल्यावर चाकातून यायचा तोच आवाज, टिकटिक टिकटिक. आणि हे बघ, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतोय, "आत्या! आटे पक्के आहेत!"

आटे म्हणाला, दादा. चूड़ी नाही.

आता उठते. पोराला भूक लागली असेल. तो आधी सायकल पुसेल, तर पुसू देत. दुपारपासून त्याला मराठी वाचायला बसवणार आहे, तुझ्या चिठ्ठीपासूनच सुरुवात. चुकला तरी ओरडणार नाही. तू लिहिलंयस तसंच करीन. जोर लावणार नाही, हे वचन.

तुझी,
सुधी

ता. क. सीट टोचत नव्हती.